पाटीवर नसलेलं काम

१२ अजूर १३५३ फसली, जळकोट

शाळेतल्या शिल्लक वह्यांतली एक घरी आणली आहे. सरकारी वही घरी वापरू नये, पण हिची पहिली चार पानं भिजलेली होती, शाळेत ती कुणी घेतली नसती. माझी बायको, शरणीची अव्वा, होती तोवर संध्याकाळी दिवसभराचं तिला सांगत असे. फार नाही, दोन-चार वाक्यं. आज कोण आलं, कोण आलं नाही. ती भाजी निवडत ऐकायची. भाद्रपदात नऊ दिवसांच्या तापात ती गेली. ती दोन-चार वाक्यं आता तशीच राहतात, म्हणून लिहून ठेवणार. तारखा हजेरीतल्याच घालतो, निजाम सरकारच्या फसली सालातल्या: अजूर, मग दै, बहमन, इस्फंदार.

आज सकाळी मी शाळेत पुढं गेलो होतो, शरणी मागून येणार होती. तिनं चुलीवर दूध ठेवलं आणि दारावरून बांगड्यावाला गेला म्हणून बाहेर आली. तिथून त्याच्या मागं मागं वेशीपर्यंत. दूध उतू जाऊन जळालं, भांडं तापून लाल झालं, शेजारचं फडकं पेटलं. शेजारच्या नागूबाईंनी धूर पाहिला आणि घागर ओतली. माझी थोरली बहीण शांताक्का नळदुर्गहून येऊन महिनाभर इथंच आहेत, पण त्या वेळी त्या देवळात होत्या. आल्या तेव्हा स्वयंपाकघरात काळा चिखल.

“रेवण, पोरगी धा वर्साची झाली. आन आजून चुलीवर ठिवल्यालं दूध ध्यानात राहत न्हाय?”

मी म्हणालो, “राहील हळूहळू.”

“हळूहळू? तवर घर जळंल की रं! तू दिवसभर शाळंत. हिला नळदुर्गाला नेते. माज्या घरात धा माणसं हायेत, कुनी ना कुनी बघंल.”

“तिची शाळा?”

“शाळंत तरी काय दिवं लावायलीय? तूच म्हणतूस, दोन ओळी लिवायला सांगितल्या तर एक लिवती आन खिडकीकडं बघत बसती.”

ते मीच म्हणालो होतो.

शेवटी असं ठरलं की संक्रांतीपर्यंत मुदत. भोगीला अक्का येतील. त्या दिवशी शरणीनं घरातलं सगळं एकटीनं नीट केलं तर ती इथं राहील, नाही तर त्यांच्याबरोबर जाईल. मी बरं म्हणालो. ती गेली तर मला एकट्यापुरती चूल पेटवावी लागेल.

शरणी तेव्हा दाराच्या आड उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तिला कुणी विचारलं नाही.

१७ अजूर

अक्का गेल्या. घरात दोघंच.

शाळा एका शिक्षकाची, चार वर्ग, पटावर एकेचाळीस मुलं. आज तिसरीला सांगितलं: पाटी पुसा, फळ्यावरचं गणित उतरवा, उत्तराखाली रेघ मारा. बारा मुलांतल्या पाच जणांनी पाटी पुसली आणि बसून राहिले. तिघांनी गणित उतरवलं, केलं नाही. बब्रुवाननं नुसती रेघ मारली. विचारलं तर म्हणाला, “तुमी शेवटी तेच म्हणलाव की मास्तर.”

शरणीनं बेरीज सुरू केली, हातचा विसरली, मग पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा. बेरीज तिला येते. हातचा तेवढा मधेच कुठंतरी सांडतो. बब्रुवानचंही तसंच. त्याला दोन छड्या मारल्या. शरणीला मारल्या नाहीत, म्हणून मुलांनी माझ्याकडं पाहिलं. मग तिलाही एक मारली.

पंधरा वर्षं शिकवतो आहे. मुलांचं लक्ष नसतं असंच समजत आलो. लक्ष द्या, लक्ष द्या, दिवसातून शंभर वेळा म्हणतो. ते कसं द्यायचं हे कधी सांगितलं नाही, मला ते माहीतही नाही.

शाळेला कुलूप लावलं आणि किल्ली आतच राहिली. खिडकीचा गज वाकवून बब्रुवानला आत सोडलं.

२० अजूर

उपाय सुचला. शाळेतली फुटक्या कडेची मोठी पाटी घरी आणून चुलीजवळ खिळ्याला टांगली. तिच्यावर सकाळची कामं क्रमानं लिहिली. अंथरूण. सडा. पाणी. अंघोळ आणि लिंगपूजा. दूध तापवून झाकणे. भांडी. केर. दप्तर. एकूण आठ. शरणीला बजावलं, एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि मधे काही आलं तरी थांबायचं नाही.

ती म्हणाली, “मधी काय येतंय, अप्पा?”

“काहीही. बांगड्यावाला.”

तिनं मान हलवली.

२४ अजूर

दिवाळी होती. नागूबाईंनी करंज्या पाठवल्या.

४ दै

पाटीचा चांगला उपयोग झाला. पंधरा दिवसांत दूध एकदाही उतू गेलं नाही. शरणी पाटीसमोर उभी राहते, बोट ठेवते, काम करते, परत येते, पुढच्यावर बोट ठेवते. मला काही बोलावं लागत नाही. तिलाही बोलावं लागत नाही.

शाळेत तेच केलं. फळ्याच्या डाव्या बाजूला प्रत्येक तासाची कामं आकडे घालून लिहितो. वर्ग शांत असतो. मला बरं वाटतं आहे. भाद्रपदानंतर पहिल्यांदा सलग झोप लागली.

काल संध्याकाळी शरणी दारात उभी होती. बाहेर मुली सागरगोटे खेळत होत्या. मी म्हणालो, जा की. ती म्हणाली, “पाटीवर खेळायचं न्हाय लिवलेलं.” म्हणून नववं काम लिहिलं: खेळणे.

एक गोष्ट लक्षात आली. सकाळी ती पाण्याची तीन फुलपात्रं भरून ठेवते. माझं, तिचं आणि एक तिच्या अव्वाचं. पाटीवर फक्त ‘पाणी’ लिहिलं आहे. जुनी सवय असावी. संध्याकाळी ते पाणी तुळशीला घालते.

१० दै, सोमवार

आज फार वाईट झालं.

सोमवारी सकाळी गुरुलिंगय्या स्वामी भिक्षेला येतात; दिवाळीआधीपासून ते परगावी होते, आज आले. आम्हा लिंगायतांत जंगम दारात आला की हातातलं टाकून आधी त्याच्या झोळीत ओंजळ घालायची, मग बाकी सगळं. मी लहान असल्यापासून हे कुणी कुणाला शिकवलेलं पाहिलं नाही, सगळ्यांना ते येतंच. म्हणून मी ते पाटीवर लिहिलं नव्हतं.

मी शाळेत होतो. स्वामींनी दारात हाक दिली. शरणी आतून म्हणाली, “थांबा स्वामी. तुमचं नाव पाटीवर न्हाय. आता पाचवं चाललंय.”

त्यांना वाटलं थट्टा आहे. ते उन्हात उभे राहिले. तिनं दूध तापवलं, झाकलं. मग भांडी घासली. मग केर काढला, आणि केर दाराशी आला तेव्हा त्यांना म्हणाली, जरा बाजूला व्हा. ते नागूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पोट धरून हसले म्हणतात. शाळेसमोरून जाताना मला म्हणाले, “मास्तर, पोरगी लई शिस्तीची केलाव. उद्या साक्षात शिव आला तर त्यालाबी रांगंत उभा करंल.”

ते हसले, पण गाव हसलं नाही. दुपारपर्यंत सगळीकडं झालं की मरणाचं वर्ष न फिरलेल्या घरातून जंगम रिकाम्या झोळीनं गेला. बसप्पा गाडीवान आज नळदुर्गला गेला, म्हणजे अक्कांच्या कानावरही गेलं.

घरी येऊन शरणीला विचारलं, “तुला डोळे नाहीत का? स्वामी दिसले नाहीत?”

“दिसले की.”

“मग?”

“तुमीच म्हणलाव, मधी काय आलं तर थांबायचं न्हाय.”

मी हात उचलला होता. ती मागं सरली नाही, तशीच उभी राहिली. मी खाली बसलो. मग ओल्या फडक्यानं पाटी पुसली. ती विचारत होती, “आता उद्या काय करू, अप्पा? उद्या काय करू?”

१२ दै

बसप्पा परत आला. अक्कांचा निरोप: संक्रांतीची वाट कशाला बघायची, आत्ताच धाडून दे. मी उलटा निरोप दिला की ठरलं ते ठरलं. उत्तर देताना माझा आवाज चढला होता असं बसप्पा म्हणाला.

पाटी नसल्यापासून शरणीचं सगळं बंद पडलं आहे. आधीपेक्षा वाईट. आधी निदान अर्धं करायची. आता मधेच उभी राहते आणि माझ्या तोंडाकडं बघते. मी म्हटलं सडा की सडा. मी म्हटलं दूध की दूध. मी गप्प, तर ती गप्प.

संध्याकाळी नागूबाईंकडं गेलो. त्या अंगणात मूग पाखडत होत्या. त्यांच्या घरी असा जाऊन मी कधी बसलो नव्हतो, त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. मी विचारलं, शरणीची अव्वा हिच्याकडून कामं कशी करून घ्यायची?

“तुमाला ठावं न्हाय? एकाच घरात हुताव की.”

“मी शाळेत असायचो.”

“सकाळी तर घरात हुताव,” त्या म्हणाल्या. मग त्यांना माझी दया आली असावी. सूप खाली ठेवलं. “गौराक्का सांगायची न्हाय. इचारायची. ‘शरणे, आज काय काय हाय गं?’ आन मग पोर बोलंस्तोर हिचं त्वांड बंद. लई येळ. म्या एकदा म्हणलं, अगं सांगून टाक की, पोर ताटकळलीय. तर मला म्हणती, म्या सांगितलं तर म्याच जलमभर ध्यानात ठिवायचं व्हय?”

“आणि ती चुकली तर?”

“चुकायचीच की. एकदा कालवणात दोन डाव मीठ घातलं. गौराक्कानं हूं का चूं न करता खाल्लं. तुमीबी खाल्लाव, मास्तर. तुमाला कळलं न्हाय?”

मला आठवत नाही.

“मग जेवण झाल्यावर इचारलं, ‘कसं झालतं गं कालवण?’ पोरीनं दोन तांबं पानी पेलं आन म्हणली, खारट. म्हणली, आता मीठ घातलं की डबा डाव्या हाताला ठिवीन, मंजी कळंल. ते तिनंच काढलं, कुनी शिकवलं न्हाय.” नागूबाईंनी पुन्हा सूप उचललं. “गप बसायचं लई अवघड असतंय, मास्तर. पर तुमाला जमंल. तुमी तसंबी बोलत न्हाईच.”

१४ दै, शुक्रवार

निजाम सरकारात शुक्रवारची सुट्टी. सकाळी शरणीला विचारलं, “आज काय काय आहे?” आणि गप्प बसलो.

ती माझ्याकडं पाहत राहिली. मी खाली पाहिलं. माझं गप्प बसणं वेगळं आहे हे मला तिथं बसल्यावर कळलं. मी गप्प बसतो तेव्हा समोरच्याला वाटतं की मी रागावलो आहे. बऱ्याच वेळानं ती रडायला लागली. मी सडा म्हणून मोकळा झालो.

१८ दै

पाचवा दिवस. आज विचारल्यावर ती म्हणाली, “पानी.” मी म्हणालो, “मग?” पुन्हा बराच वेळ. “मग दूध. पर दुधाच्या आदी चूल.” मी काही बोललो नाही. ती म्हणाली, “चुलीच्या आदी गवऱ्या आणाव्या लागतील.” आणि उठून गवऱ्या आणायला गेली.

शाळेला अर्धा तास उशीर झाला. मुलं दारात बसली होती.

२७ दै

शाळेतही फळ्यावरचे आकडे बंद केले. गणित सोडवायच्या आधी प्रत्येकानं शेजाऱ्याला सांगायचं, मी आधी काय करणार, मग काय करणार. एकेचाळीस तोंडं एकदम चालतात. बाजाराच्या दिवशी असतो तसा गलका. रस्त्यानं जाणारे आत डोकावतात. काल एकाच्या वडिलांनी विचारलं, “मास्तर, तुमी शिकवायचं सोडलाव काय? पोरांलाच इचारायलाव म्हणं.” बब्रुवान मला रोज म्हणतो, “तुमीच सांगा की, मास्तर. झटक्यात हुईल.”

त्याला मी म्हटलं, तुझा हातचा हरवतो, तो हरवू नये म्हणून तू काय करशील ते तूच ठरव. दोन दिवस त्यानं काही केलं नाही. आज त्यानं हातचा आला की गालात एक चिंचोका धरायला सुरुवात केली. पाचपैकी चार गणितं बरोबर. पाचव्याला शिंक आली आणि चिंचोका पोटात गेला. “मास्तर, हातचा गिळला,” म्हणून ओरडला. सगळा वर्ग हसला. मीही हसलो असेन, कारण शरणी माझ्याकडं चमकून पाहत होती.

छडी कपाटावर ठेवली आहे. टाकली नाही.

८ बहमन

शरणी कामं करते, पण माझ्या क्रमानं नाही. केर सगळ्यात शेवटी काढते. मला ते बरं दिसेना. विचारलं तर म्हणाली, “गवऱ्या आणताना चुरा सांडतोय, पिठाचं सांडतंय. शेवटी झाडलं की एकदाच झाडावं लागतंय.”

आज सोमवार होता. स्वामींची हाक आली तेव्हा दूध चुलीवर होतं. तिनं दूध उतरवून बाजूला ठेवलं, झोळीत ओंजळ घालून आली, पुन्हा चुलीवर ठेवलं. स्वामी म्हणाले, “आज माजं नाव लागलं व्हय पाटीवर?” ती लाजली.

कामाच्या वेळी आता स्वतःशी पुटपुटते. आधी हे, मग ते, हे झालं की ते. मी आतल्या खोलीत असलो की वाटतं घरात दोन माणसं बोलत आहेत.

२१ बहमन

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या वसुलीच्या, धान्यासाठी गावात सरकारची माणसं येऊन गेली, शाळा दोन दिवस त्यांच्या उतरण्याला दिली.

शरणीचं लक्ष आता माझ्याकडंही असतं. सकाळी मी उंबऱ्याशी आलो की म्हणते, “टोपी. किल्ली. हजेरी.” महिनाभरात किल्ली एकदाही आत राहिली नाही. माझ्या धोतराचा सोगा सुटलेला असला तरी तिला आधी दिसतं. परवा मेहुण्यांना लिहायला घेतलेलं पत्र तिनं वहीतून काढून समोर ठेवलं. “हे आर्दंच हाय, अप्पा.” ते कार्तिकात सुरू केलं होतं.

तिची अव्वाही असंच करायची, ते आता आठवतं. मी समजत होतो की माझं मला आठवतं.

तिसरीच्या वर्गात ती कधी कधी दुपारी पाटीवर डोकं टेकून झोपते. थंडी आहे.

२ इस्फंदार

सागरगोटे खेळायला मुली हाक मारून गेल्या. ती म्हणाली, नंतर. मी म्हटलं, जा, काम राहू दे. ती म्हणाली, “ऱ्हायलं तर मला डोक्यात घिऊन खेळावं लागतंय.” आणि गेली नाही.

काटेकोर झाली आहे. अक्कांना आता नाव ठेवायला जागा राहणार नाही.

सोमवारी तिच्या अव्वाच्या समाधीवर जाताना काय काय न्यायचं ते मी विसरलो होतो. तिला सगळं पाठ आहे. विभूती, बेलपान, पाण्याचा तांब्या, आणि अव्वाला आवडतं म्हणून गुळाचा खडा. एकदा गूळ संपला होता तर ती अर्ध्या वाटेवरून परत फिरून नागूबाईंकडून घेऊन आली. मी म्हणालो, एखाद्या वेळी नसला तरी चालतो. ती म्हणाली, “म्या इसरले तर मग कोन ध्यानात ठिवील?”

९ इस्फंदार, भोगी

अक्का सकाळी बसप्पाच्या गाडीनं आल्या. वर्षाच्या आत सण नाही, पण भोगीची भाकरी-भाजी करायला हरकत नसते असं त्याच म्हणाल्या. चुलीसमोर पाट घेऊन बसल्या. मी भिंतीला टेकून बसलो.

शरणी चुलीपाशी उभी राहिली आणि उभीच राहिली.

अक्का म्हणाल्या, “अगं, आदी भाजी चिरून—”

“अक्का, तुम्ही गप्प बसा,” मी म्हणालो.

अक्कांना मी आजवर असं बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाहेर कुणाच्यातरी तिळाच्या भाकरीचा वास येत होता. अक्कांचा पाय हलत होता. शेवटी शरणी स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि हरभऱ्याचे घाटे सोलायला बसली.

तिनं भाजी केली. भाकऱ्या केल्या, लहान, कडा फाटलेल्या, पण तीळ सगळ्यांना लावलेले. एक करपली ती आपल्या ताटात घेतली. मधे नागूबाई वाण घेऊन आल्या, तेव्हा तवा उतरवून त्यांना बसायला दिलं. भाजीत मीठ कमी पडलं होतं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिनं पहिला घास खाल्ला, उठली, मिठाची वाटी मधे आणून ठेवली आणि म्हणाली, “कमी हाय. ज्याचं त्यानं घ्या.”

अक्कांनी मीठ घेतलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुवून म्हणाल्या, “रेवण, म्या हारले बाबा. माज्या सुनंला एवढं येत न्हाय. ऱ्हाऊ दे लेक तुज्यापाशी.”

मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी ताटं उचलायला लागलो. एरवी मी ताटं उचलत नाही.

तेव्हा शरणी म्हणाली, “मला जायचंय.”

अक्का म्हणाल्या, “कुटं?”

“तुमच्याकडं. नळदुर्गाला.”

मला वाटलं तिला कळलं नाही. मी सांगितलं, “अगं, तू जिंकलीस. आता जावं लागणार नाही.”

“कळलं मला.”

“मग?”

मी थांबलो. अक्काही थांबल्या. मग ती भांड्याकडं बघत म्हणाली, “हितं मला समदं ध्यानात ठिवावं लागतंय, अप्पा. तुमची किल्ली. दूध. अव्वाचं पानी. गूळ. नीजताना बी म्या मोजती, काय ऱ्हायलं, काय ऱ्हायलं. अक्कांच्या घरात धा माणसं हायेत. तिथं म्या काय इसरले तर कुनीतरी बघंल.”

हे अक्कांचंच वाक्य होतं, दाराआडून ऐकलेलं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“पाडव्याला येते. मग पुन्ना ठिवीन ध्यानात.”

अक्कांनी तिला जवळ ओढलं. मी ताटं घेऊन बाहेर गेलो आणि घासत बसलो. घासलेली पुन्हा घासली असावीत.

१० इस्फंदार, संक्रांत

काल रात्रभर विचार केला की नाही म्हणावं. मी तिचा बाप आहे, नाही म्हटलं तर ती राहील, आणि सकाळी पाणी भरेल. तीन फुलपात्रं.

सकाळी तिला म्हटलं, नळदुर्गाच्या शाळेत नाव घालण्यासाठी दाखला लिहून देतो. ती म्हणाली, “शाळंत जाईन. आदी चार दिस झोपू द्या.”

दाखला लिहिला. एकाच बैठकीत लिहून पुरा केला.

१२ इस्फंदार

काल किंक्रांत, प्रवास करत नाहीत, म्हणून आज निघाले. बसप्पानं गाडीत कडबा पसरून बसायला केलं. शरणीनं बोचकं स्वतः बांधलं. मी आत-बाहेर करत होतो. वेशीपर्यंत गाडीमागं चाललो. अक्कांनी विचारलं, “अव्वाचं पानी कोन ठिवणार गं आता?” मला अक्कांचा राग आला. पण शरणी म्हणाली, “अप्पा ठिवतील. न्हाय ठिवलं तर न्हाय.” आणि बसप्पाकडं कासरा मागायला लागली. त्यानं दिला. बैल भलतीकडंच वळले आणि ती मोठ्यानं हसली. हे हसणं मी भाद्रपदानंतर ऐकलं नव्हतं.

परत आलो. मागच्या अंगणात दोरीवर तिचा परकर वाळत होता. पिवळा, काठाचा. बोचक्यात घालायचा राहिला.

गाडी अजून फार लांब गेली नव्हती, पळत गेलो असतो तर गाठता आली असती. परकर दोरीवरून काढला आणि हातात घेऊन उभा राहिलो. मग पुन्हा दोरीवर टाकला.

१७ इस्फंदार

शाळेत बब्रुवाननं विचारलं, शरणी कवा येणार? पाडव्याला म्हणालो. तो म्हणाला, “मंजी किती दिस?” मी म्हटलं, तू काढ. चिंचोके मांडत बसला आहे, अजून निघालं नाही.

बसप्पा उद्या नळदुर्गला जातो आहे. परकर घडी करून फडक्यात बांधला. सोबत चिठ्ठी द्यावी म्हणून कागद घेतला. विसरलीस असं लिहायचं नव्हतं, आणि दुसरं काय लिहावं ते बराच वेळ सुचेना.

परकर वाळला आहे, एवढंच लिहिलं.